दोनशे वॅटचा मान

"हा मध्यभागी लागला पाहिजे," शिराळकर साहेब म्हणाले आणि दोन्ही हातांत धरून आणलेला बल्ब त्यांनी माझ्यासमोर धरला. धरण्याची तऱ्हा अशी, की वाटावं सत्यनारायणाचा कलश आणलाय. "दोनशे वॅट आहे. अख्ख्या गावात दुसरा मिळायचा नाही."

मी शिडीवर होते. दातांत चिकटपट्टीचा तुकडा, हातात पक्कड. "हं" एवढंच म्हणता आलं.

"हं काय? मध्यभागी म्हणतोय मी."

पट्टी तोंडातून काढून मी म्हणाले, "साहेब, चाळीसचाच द्यायचा होता. पत्रकात तसं छापलं होतं."

"पत्रक गावासाठी होतं. मी वाचनालयाचा अध्यक्ष आहे."

झालं! आता यावर काय बोलणार, कपाळ? मी खाली उतरले, बल्ब घेतला, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली. साहेबांनी चिठ्ठी वाचली, 'दा. वि. शिराळकर'च्या पुढे 'निवृत्त उपअभियंता' लिहून घेतलं आणि मगच गेले.

हे शहाण्णव सालचं. मी चोवीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावात 'लोहार इलेक्ट्रिक व मंडप लायटिंग' हे माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं दुकान. वायरमनचं लायसन्स तात्यांचं, काम निम्मंअधिक माझं. त्या उन्हाळ्यात तात्या एका लग्नाच्या मांडवावरून पडले. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी बजावलं, आता पुन्हा उंचावर चढायचं नाही. म्हणजे लायसन्स मला मिळालं तरच दुकान चालणार होतं, नाहीतर शटर खाली. इतका साधा हिशेब.

आणि लायसन्सची तोंडी परीक्षा घ्यायला निवृत्तीनंतरही बसायचे कोण? तर हेच शिराळकर साहेब. मला दोनदा नापास करून बसलेले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "खांबावर साडी नेसून चढणार का?" मी म्हटलं, "सलवार घालते." नापास. दुसऱ्यांदा विचारलं, "उद्या सासरी गेलीस की लायसन्स चुलीत घालणार का?" मी म्हटलं, "सासरीही वीज असेलच की साहेब." पुन्हा नापास. तिसरी खेप येत्या बुधवारी होती. माझी जीभ जरा आखूड असती तर ही कथा सांगायची वेळच आली नसती.

तर त्या वाचनालयाच्या सभागृहात आम्ही काय करत होतो ते सांगते. पुण्याहून अभिराम ओगले नावाचा एक चित्रकार आला होता. काडीसारखा बारीक, बोलताना हात हवेत. त्याने गावात पत्रकं वाटली, की प्रत्येक घराने आपल्या घरातला एक चाळीस वॅटचा बल्ब द्यावा. असे दोनशे चाळीस बल्ब तो छतापासून वेगवेगळ्या उंचीवर टांगणार होता. खिडक्यांना काळा कागद लावायचा आणि सगळे बल्ब हळूहळू उजळवायचे, हळूहळू मंद करायचे. अख्खा गाव एकत्र श्वास घेतोय असं वाटलं पाहिजे म्हणे. मला ती कल्पना आवडली होती. तात्यांना नाही. "पुण्यात बल्ब नाहीत का?" असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या गावाचा स्वभाव अभिरामला कुठून ठाऊक असणार? चाळीसचा द्या म्हटल्यावर पहिल्या दिवशी खरोखरच चाळिसाचे आले. दुसऱ्या दिवशी घोरपड्यांनी साठचा दिला. ते बघून समोरच्या मुल्लांनी शंभरचा दिला. मग काय, आपला बल्ब शेजाऱ्यापेक्षा मिणमिणता दिसायला नको म्हणून लोकांनी आधीचे परत नेऊन दुकानातून कोरे करकरीत शंभरचे बल्ब विकत आणले, घोरपड्यांनीसुद्धा. शेवटी तात्यांनी खुर्चीवर बसून डाव्या हाताने कागदावर आकडे मांडले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"चोवीस किलोवॅट," ते म्हणाले. "ह्या हॉलला दहाच्या वर झेपत न्हाई. सगळे एकदम लावलेस तर पोरी, गावाचा श्वास थांबंल."

अभिरामचा चेहरा उतरला. "मग? रविवारी उद्घाटन आहे, मालनताई! पत्रिका वाटून झाल्यात!"

वाचनालयाचे कारकून जवळच उभे होते. ते मदतीला धावून आले. "त्यात काय? फ्यूजमध्ये जाड तार बांधा. आम्ही कायम तेच करतो. दोन वर्षांत एकदाही गेला नाही फ्यूज."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो, फ्यूज जळण्यासाठीच असतो! तो नाही जळला तर वायर जळणार, आणि वायर जळली की पेटायला पुस्तकं आहेतच सतरा हजार."

त्या दुपारी आधी मी हॉलचा सगळा फ्यूजबोर्ड खोलला. बोटाएवढ्या जाड तारा निघाल्या आतून. त्या फेकून दिल्या, योग्य त्या तारा घातल्या, बाहेर नवीन अर्थिंग पुरलं आणि आमच्या कामासाठी वेगळा मेन स्विच बसवला. कुठे वीज गळली तर आपसूक पडणारा स्विचही त्याच्याबरोबर लावला. अभिराम म्हणाला, "ह्या सगळ्याचं माझ्या मांडणीत काहीच दिसणार नाही." मी म्हटलं, "दिसलं तर घोटाळा झाला समजा."

पण चोवीसाचे दहाच्या आत कसे आणायचे? उपाय तसा जुनाच होता. दोन दोन बल्ब एकामागोमाग एक जोडायचे. वीज आधी एकातून जाणार आणि मग दुसऱ्यातून. जोर दोघांत वाटला जातो, दोघे मंद पेटतात, आणि भार एक तृतीयांशावर येतो. मंद तर मंद, अभिरामला तसाही सोनेरी उजेडच हवा होता. दुकानात तात्यांचे उजेड कमीजास्त करायचे तीन मोठे डिमर होते, नाटकवाल्यांसाठी घेतलेले, वर गोल चाक असलेले. तीन फेजला तीन डिमर, प्रत्येकावर चाळीस जोड्या. भार आठच्या आसपास. काम फत्ते.

एकच अट होती. जोडीतले दोघे सारख्या वॅटचे हवेत. आणि जोडीतला एक उडाला की दुसराही विझणार.

हे ऐकल्यावर तात्यांचे डोळे चमकले. आम्ही दोघांनी बल्बांची लग्नंच लावायला घेतली. घोरपडे आणि मुल्ला, दोघांचा गटारावरून सात वर्षं दावा चाललेला. त्यांची जोडी लावली. आता घोरपड्यांना मुल्लांच्या बल्बसाठी देव पाण्यात घालावे लागणार होते. बाजारपेठेतल्या दोन्ही कापडवाल्यांची जोडी. सरपंच आणि पडलेले सरपंच, त्यांची जोडी. तात्या हसून हसून म्हणाले, "आगं बास, प्लास्टर हालतंय."

शेवटी टेबलावर दोनच बल्ब उरले. शिराळकर साहेबांचा दोनशेचा आणि एक पंधरा वॅटचा इवलासा. त्याच्यावरच्या चिठ्ठीत फक्त 'इंदू' लिहिलेलं.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"एक वयस्कर बाई देऊन गेल्या," अभिराम म्हणाला. "ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून आणला होता. म्हणाल्या, नाव एवढंच लिहा."

आता या दोघांना वेगवेगळं, सरळ मेनवर जोडता आलं असतं. दोनच बल्ब, त्याने काही बिघडत नव्हतं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. लहान आणि मोठा बल्ब एकामागे एक जोडले तर काय होतं माहितीये? लहान बल्बाची तार बारीक, विजेला वाट काढताना सगळा जोर तिथेच लागतो. मोठ्याच्या जाड तारेतून ती सुळकन निघून जाते, थांबतच नाही. म्हणजे पंधराचा लखलखीत पेटतो आणि दोनशेचा काळा ठिक्कर. लालसुद्धा होत नाही.

मी दोन्ही होल्डर एका तारेत ओवले. पंधराचा जरा बाजूला टांगला नि दोनशेचा अगदी मध्यभागी, साहेबांच्या हुकुमाप्रमाणे.

तात्यांचं हसू थांबलं. "मालन," ते म्हणाले. "बुधवार."

"साहेब इंजिनियर आहेत तात्या. बघितल्या बघितल्या त्यांच्या लक्षात येईल, हसतील."

"त्यांना हसताना कुणी बगितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. तरी मी वायर सोडवली नाही. खरं सांगते, तेव्हा इतकं गोड वाटत होतं, की बुधवार फार लांब आहे असंच वाटलं.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता हॉल गच्च भरला. जो तो मान वर करून आपली चिठ्ठी शोधत होता. "आमचा तो बघ, खांबाजवळ!" "आणि आमचा का इतका खाली टांगलाय?" शिराळकर साहेब कोट घालून आले होते. बायका भिंतीच्या कडेने बसल्या होत्या. मी तात्यांजवळ मेनपाशी, दोन डिमरची चाकं माझ्या हाताखाली आणि तिसरं अभिरामच्या.

साहेबांनी भाषण केलं. विजेच्या खात्यातली छत्तीस वर्षं, गावातला पहिला खांब, सगळं झालं. "आणि आता," ते म्हणाले, "या सभागृहाच्या केंद्रस्थानी जो दीप उजळेल..."

मी चाक फिरवायला लागले.

काय सुरेख दिसलं म्हणून सांगू! आधी नुसत्या तारा लाल झाल्या, मग नारिंगी, मग सगळ्या हॉलवर तुपासारखा पिवळा उजेड पसरला. अभिरामच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मलाही गलबलून आलं, आणि मी तशी रडकी नाही.

मध्यभागी तेवढा एक मोठा थोरला काळा बल्ब लोंबकळत होता.

"साहेब गेले!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बल्ब गेला म्हण की रे!" दुसऱ्याने दटावलं. हॉलमध्ये खसखस पिकली.

साहेब लाल झाले. "काल तर घरी तपासून आणला होता! कारकून, स्टूल आणा!" वाचनालयातलं लोखंडी स्टूल आलं. हे सगळं मला गालातल्या गालात हसत बघायचं होतं. पण साहेब स्वतःच त्या स्टुलावर चढले. दोनशेचा बल्ब गरम झालेला नव्हता, म्हणून त्यांनी तो धरला, होल्डरमधून ओढून बघितला. होल्डरच्या वरचा जोड मी टेपने गुंडाळला होता, तिथेच त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट नेलं. टेप उकलायला.

माझं हसू तिथल्या तिथे पळालं.

"हात लावू नका!" मी किंचाळले. "उतरा खाली! उतरा म्हणते ना!" आणि मेन खाली ओढला.

मिट्ट काळोख. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. कारकुनांनी दार उघडलं, तेव्हा जरा उजेड आला. साहेब स्टुलावर तसेच उभे, बोट हवेत.

"कुणाला ओरडतेस तू?" ते म्हणाले. "गेलेला बल्ब आहे हा. गेलेल्या बल्बात कसली आलीय वीज?"

"गेलेला नाही साहेब. त्याच्यातून वीज चालू आहे. फक्त दिसत नाही."

साहेबांनी बल्बाकडे पाहिलं, वरच्या वायरीकडे पाहिलं, ती वायर कुठे जाते ते पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटत गेलं. माणूस इंजिनियर होता, मी म्हटलंच होतं. ते सावकाश स्टुलावरून उतरले.

"सिरीज," ते म्हणाले. "कुणाबरोबर?"

मी मेन वर केला, चाकं फिरवली. बल्ब परत उजळले. मी त्या पंधराच्या इवल्याशा बल्बाकडे बोट दाखवलं. हॉलमधला सगळ्यात ठसठशीत उजेड त्याचाच होता. बाकीचे सगळे निम्म्या जोरावर आणि हा एकटा पुऱ्या.

साहेबांनी चष्मा सारखा करून चिठ्ठी वाचली. "इंदू. कोण ही इंदू?"

भिंतीच्या कडेने बायकांत जरा हालचाल झाली. एक बाई उठून उभ्या राहिल्या. जांभळी इरकल, हातात छत्री. अभिराम माझ्या कानाशी लागला, "त्याच त्या!"

"माझा आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा पुन्हा सारखा केला. मीही चमकले, कारण त्या शिराळकर काकू होत्या. त्यांना मी गावात दोनतीनदाच पाहिलं असेल, तेही साहेबांच्या चार पावलं मागे. त्यांचं नाव इंदुमती आहे हे मला माहीत असायचं कारणच नव्हतं. गावाला त्या फक्त 'साहेबांच्या बाई' म्हणून ठाऊक.

"तू?" साहेब म्हणाले. "अगं, घरचा बल्ब मी दिला होता ना?"

"घरचा तुम्ही दिलात. हा माझा. देवघरातला काढून आणला."

"बरं, बरं." साहेब माझ्याकडे वळले. "ही जोडणी सोडव. दोन्ही सरळ लाव. आत्ता."

मी पक्कड उचलली. काय करणार, बुधवार आता फार जवळ आला होता.

"राहू दे गं पोरी," काकू म्हणाल्या.

"अगं, माझा दिसत नाहीये!"

"पण चालू आहे म्हणतेय ना ती?" काकूंचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ आहे का विचारावं तसा. "दिसला नाही म्हणजे बंद असं थोडंच असतं? मला विचारा की. तेहेतीस वर्षं झाली."

आधी बायकांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू सगळ्या भिंतीने पसरत गेलं. पुरुष हसले नाहीत, त्यांच्या घरच्या बायका समोरच बसल्या होत्या. काकू खाली बसल्या आणि पदर सावरून आपला बल्ब बघायला लागल्या.

साहेबांनी कोट सारखा केला. मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "बुधवारी भेटू."

तात्या तीन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मंगळवारी दुकानाची पाटी ओल्या फडक्याने पुसत बसले होते, एका हाताने. मला इतकं वाईट वाटलं. माझी चेष्टा, आणि भोगायचं त्यांनी.

बुधवारी टेबलामागे तीन परीक्षक होते. साहेब मधोमध. बाकी दोघांनी अर्थिंगचं विचारलं, फेजचं विचारलं, मी धडाधड सांगितलं. मग साहेबांनी चष्मा काढला.

"माझा बल्ब पंधराच्या जोडीला लावलास. ते मुद्दाम, की चुकून?"

चुकून म्हणावं, तर दोनशे आणि पंधरा एका तारेत लावणारी अडाणी पोर, हिला लायसन्स कसं द्यायचं? मुद्दाम म्हणावं, तर साहेबांची भरसभेत शोभा करणारी उद्धट पोर, हिला तर नाहीच नाही. दोन्हीकडून दुकान बंद.

"मुद्दाम," मी म्हणाले. जाणारच आहे तर अडाणी म्हणून कशाला? "पण तो काकूंचा आहे हे ठाऊक नव्हतं साहेब. शपथ."

"ठाऊक असतं तर?"

जिभेवर ताबा ठेव, मालन. ठेव. "तरी लावला असता," मी म्हणाले.

डावीकडच्या परीक्षकांना ठसका लागला. साहेबांनी त्यांना पाणी दिलं. मग समोरच्या कागदाकडे बघत म्हणाले, "छत्तीस वर्षं मी लोकांना शिकवलं, की बंद दिसणारी तार चालू समजायची. आणि परवा तीनशे माणसांसमोर मीच बोट घालत होतो. तू मेन ओढला नसतास तर..." त्यांनी चष्मा परत चढवला. "ओरडलीस मात्र फार."

"दुसऱ्या कुणालाही तेवढंच ओरडले असते."

"हं." त्यांनी पेन उघडलं. "रविवारपासून आमची ही हटून बसलीय. देवघरातल्या दिव्याला डिमर पाहिजे म्हणे, त्या पोरीनेच बसवलेला. आता माझ्या घरात बिगरलायसन्सचा माणूस वायरीला हात लावणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो." आणि सही करून कागद माझ्याकडे ढकलला.

मी धावत दुकानात आले. तात्यांनी कागद वाचला, परत वाचला, आणि पाटीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव घालायला रंगाऱ्याकडे स्वतः गेले. आज त्या पाटीवर माझं एकटीचंच नाव आहे.

शनिवारी मी शिराळकरांच्या घरी गेले. देवघर आणि बसायची खोली यांच्या मध्ये भिंत होती, वायरची पट्टी वरून न्यायची होती. साहेब आरामखुर्चीत बसून होते. डिमरचं बटण कुठे बसवायचं विचारलं, तर त्यांनी खुर्चीशेजारच्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथे. माझ्या हाताशी."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हात पिठाचे. त्यांनी आतल्या भिंतीवर, चुलीपासून हाताच्या अंतरावर, पिठाचं बोट टेकवलं. पांढरा ठिपका उमटला.

मी दोघांकडे बघितलं. "दिवा कुणाचा?" मी विचारलं.

साहेबांनी देवघराकडे पाहिलं. "हिचा," शेवटी म्हणाले.

"मग बटण काकूंकडेच."

मी शिडी स्वयंपाकघराच्या दाराशी लावली. "साहेब, मेन बंद करता का?"

शिराळकर साहेब उठले, मेन बंद केला, आणि परत येऊन शिडी धरून उभे राहिले.